मंगलाष्टके चालू असताना फोन ठेवू नये

चिंचवड,
मार्गशीर्ष वद्य पक्ष, शुक्रवार.

तीर्थस्वरूप दादासाहेब यांच्या चरणी शालक निरंजन याचा सविनय, सादर आणि (कंबरेच्या मणक्याने अनुमती दिली तेथपर्यंत) साष्टांग नमस्कार.

आपल्या दोन्ही गुडघ्यांचे परस्परांशी सख्य जुळले असेल आणि सौ. ताईने आपल्या चहातील साखरेवर बसवलेला पहारा किंचित शिथिल झाला असेल, अशी आशा करतो. इकडील मंडळी कुशल आहेत. 'कुशल' हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. 'स्वस्थ' म्हणालो असतो तर ते असत्य भाषण ठरले असते, कारण दसऱ्यापासून येथे कोणीही स्वस्थ बसलेले नाही, आणि या अस्वास्थ्याचे मूळ आपले एकुलते एक चिरंजीव गणराज हे होत.

दसऱ्याच्या शुभेच्छांसाठी मी दूरध्वनी केला असता आपण मला जी समज दिलीत, ती माझ्या कर्णरंध्रांत अद्याप ताजी आहे. "निरंजन, पोरगं तुझ्याकडं ठेवलं ते भाडं वाचवायला नाही. चौतिशी झाली त्याची. ह्या मोसमात त्याचं जमलं नाही तर नोकरी सोडायला लावून माजलगावला घेऊन येतो, आणि तू मामा म्हणून मिरवायचं बंद कर," असे आपले शब्द होते. त्यातील उत्तरार्ध मी एकवेळ सोसला असता. पूर्वार्ध मात्र गणराजने ऐकला आणि तो रात्री जेवला नाही. कारण ती नोकरी म्हणजे त्याचा प्राण आहे. तेव्हा तुळशीचे लग्न लागल्यापासून भाच्याचे लग्न हाच माझा एककलमी कार्यक्रम झाला आहे. त्याची प्रगती आपणांस सविस्तर निवेदन करावी, एवढ्याच निरपेक्ष हेतूने हे पत्र लिहीत आहे. (कोणतीही मागणी नाही. आपण निश्चिंत मनाने वाचावे.)

प्रथम वराविषयी. मुलगा सद्वर्तनी आहे, निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही (खाल्ली असती तर त्या निमित्ताने तोंड तरी उघडले असते). चाकणच्या ज्या कारखान्यात तो आहे, तेथे मोटारींच्या सांगाड्यांना वेल्डिंग करणाऱ्या लोखंडी यंत्रबाहूंची शुश्रूषा त्याच्याकडे सोपवलेली आहे, आणि त्या यंत्रबाहूंशी तो अत्यंत मायेने व सुस्पष्ट उच्चारांत संभाषण करतो, असे त्याचे सहकारी सांगतात. परंतु समोर मनुष्य आला, त्यातही उपवर कन्या आली, त्यातही ती पोह्यांची बशी घेऊन आली, की याची वाचा लुप्त होते. मोशीच्या स्थळी मुलीने विचारले, छंद काय? हा म्हणाला, "बी शिफ्ट." भोसरीच्या स्थळी तेही म्हणाला नाही. तेथे त्याने पोहे संपवले, बशीच्या काठावरचा खोबऱ्याचा कीस वेचून खाल्ला, नमस्कार केला आणि आम्ही उठलो. खाली आल्यावर पाहतो तो हा मोटारसायकलीजवळ उकिडवा बसून तिची साखळी का सैल झाली आहे हे तिलाच समजावून सांगत होता, आणि काय ते वक्तृत्व! मी कपाळाला हात लावला.

आता माझ्या कार्यक्षेत्राविषयी. स्वेच्छानिवृत्तीनंतर चऱ्होलीच्या 'मातोश्री कुशाबाई मंगल कार्यालय व लॉन्स' या संस्थेच्या व्यवस्थापकपदाची धुरा मी वाहतो, हे आपण जाणताच. मालक सोपानराव हे तेथील जुन्या शेतकरी घराण्यातले. पूर्वी जेथे त्यांची ज्वारी डोलत असे तेथे आता हिरवळ आहे आणि हिरवळीवर वऱ्हाडी डोलतात. सभोवार सदनिकांचे मनोरे अशा वेगाने उगवत आहेत की विवाह मोकळ्या आकाशाखाली आरंभावा आणि जेवणावळ उठेपर्यंत वधूवरांवर कोण्या नव्या मजल्याची सावली पडावी. या संस्थेचा दूरध्वनी आजवर गोजाबाई उचलत. गोजाबाई म्हणजे भांडारगृह, स्वच्छता आणि नैतिकता या तिन्ही खात्यांच्या प्रमुख. त्यांची पद्धत सरळ होती. "कोन बोलतंय? लगीन हाय का बारसं? मग दुपारनं करा, आत्ता सतरंज्या मोजतीय," आणि फोन खाली. सोपानरावांच्या सूनबाई पुनम यांनी ताथवड्याच्या महाविद्यालयात व्यवस्थापनशास्त्राचे अध्ययन केलेले आहे. गोजाबाईंची ही पद्धत पाहून त्यांच्या विद्येला वेदना झाल्या. त्यांनी ठरवले की आता फोन यंत्र उचलेल, ध्वनिमुद्रित स्वागत करील, आकडे दाबायला सांगेल आणि मनुष्य मोकळा होईपर्यंत मनुष्याला सुश्राव्य असे काही ऐकवील. यंत्र बसवून देण्यास माणूस हवा होता. माझ्या घरी तो फुकट होता.

गुरुवारी कारखान्याची सुट्टी असते. त्या गुरुवारी गणराज आला, तारा जोडल्या, आणि स्वागताचा मजकूर लिहिण्याची जोखीम स्वाभाविकपणे माझ्यावर आली. मी तो पत्रलेखनाच्या सर्व मर्यादा सांभाळून सिद्ध केला. आरंभी वंदन, मग आप्तेष्टांच्या प्रकृतीची चौकशी, मग ऋतुवर्णन, आणि मग विवाहार्थ एक, मौंजीबंधनार्थ दोन, नामकरणार्थ तीन व इतर प्रयोजनार्थ नऊ हे अंक दाबण्याची विनंती. पुनमबाईंनी त्यातील ऋतुवर्णन वगळले. प्रकृतीची चौकशीही त्यांनी वगळली असती, परंतु ती माझ्या आग्रहास्तव राहिली, आणि पुढे असा अनुभव आला की निम्मे लोक यंत्राला आपल्या प्रकृतीचे सविस्तर वृत्त सांगत आणि अंक दाबायचे विसरत. (एका आजींनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कशी झाली हे सांगून, यंत्राला 'सुखी ऱ्हा बाळा' असा आशीर्वाद देऊन फोन ठेवला. त्यांना मुंज होती की बारसे, हे अद्याप कळलेले नाही.) मजकुराला आवाज अर्थातच मी देणार होतो. माझा आवाज खर्जातला, भारदस्त आहे, हे आपण जाणता. सोपानरावांनी तो डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "मामा, आवाज झ्याक हाय. पर ह्यो ऐकून मानूस लग्नाचं सोडून दहाव्याचं विचारंल." मग केवळ चाचणीपुरते गणराजला यंत्रासमोर बसवले, आम्ही सारे बाहेर गेलो, दार लावून घेतले, आणि आतून जो स्वर आला तो ऐकून गोजाबाईंच्या हातची सतरंजी गळाली. दादासाहेब, निर्मळ, आर्जवी, काठोकाठ भरलेला स्वर! तो आपल्या वंशात कोठून आला याचा मी पुष्कळ विचार केला. (ताईकडून आला असावा, या निष्कर्षाप्रत पोहोचलो आहे.)

स्वागत सिद्ध झाले. प्रश्न उरला प्रतीक्षेतील श्रवणाचा. पुनमबाईंचे मत बासरी. मी म्हटले, मंगल कार्यालयाच्या तारेवर मंगलाष्टकांखेरीज दुसरे काय शोभणार? आपल्या संपूर्ण गोतावळ्यात गेली कित्येक वर्षे ज्याच्या मंगलाष्टकांखेरीज अंतरपाट दूर झालेला नाही तो कवी येथे बसलेला असताना बासरी भाड्याने आणावी काय? मी एका बैठकीत शार्दूलविक्रीडित वृत्तात पाच श्लोक रचले. गंगायमुनांना पुष्कळ लोक बोलावतात. मी पवना, इंद्रायणी आणि भामा यांना पाचारण केले, आणि प्रत्येक श्लोकाची अखेर अशी साधली :

लागो तार तुझी नि भाग्य उजळो । कुर्यात् सदा मंगलम् ॥

गणराजने बंद खोलीत ते गाइले, गोजाबाई व सोपानराव यांनी 'सावधान'चा घोष केला आणि शेवटी आमच्याच बँडवाल्याची वाजंत्री जोडली. बासरीचे नाव पुन्हा निघाले नाही.

आणि येथूनच अनर्थाला प्रारंभ झाला. ज्या विद्वानांनी ही यंत्रे निर्माण केली, त्यांचे गृहीतक असे की प्रतीक्षेला कंटाळून काही लोक फोन ठेवतात आणि तार मोकळी होते. ते विद्वान कधी आपल्याकडच्या लग्नाला गेलेले दिसत नाहीत. मंगलाष्टके चालू असताना मांडवातून कोण उठते? कोणीही फोन ठेवीना. इतकेच नव्हे, लोक फोन कानाला लावून उभे राहू लागले. आळंदी रस्त्यावरच्या एका किराणा दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'जरा थांबा, अष्टका चालल्यात' म्हणून तराजू तसाच धरून ठेवला. त्या गिऱ्हाइकानेही टोपी सारखी केली. एका काकूंनी पसाभर तांदूळ फोनवर टाकले आणि ते त्याच्या फटीत गेले, ही तक्रार लेखी आली आहे. श्लोक अर्धवट असताना पुनमबाईंनी फोन उचलला तर पलीकडून खेकसणे यायचे, "ओ ताई, मधीच काय बोलताय? अक्षता तरी पडू द्या!" बिचाऱ्या 'सॉरी' म्हणून पुन्हा प्रतीक्षेत ठेवायच्या, आणि यंत्र इमानाने पहिल्या श्लोकापासून आरंभ करायचे.

तथापि याहून गहन प्रमाद वेगळाच होता, आणि तो आपल्या चिरंजीवांच्या हातून घडला होता. कारखान्यात एका इशाऱ्यावर सारे यंत्रबाहू एकत्र हलतात. त्याच न्यायाने त्याने सर्व प्रतीक्षार्थींना एकाच अदृश्य दालनात बसवून तेथे मंगलाष्टकांची एकच प्रत लावून दिली होती. प्रत्येकाला स्वतंत्र ऐकवावे हे त्याला सुचले नाही, कारण यंत्रबाहू आपापसांत बोलत नाहीत. माणसे बोलतात. मी एके दिवशी पर्यवेक्षणार्थ घरूनच कार्यालयाचा क्रमांक फिरवला आणि पाहतो तो काय, मंगलाष्टकांच्या पार्श्वभूमीवर भर मांडव जमलेला! "पावणं कुठलं?" "आमी चिखलीचं. तुमी?" "मुलाकडचे का मुलीकडचे?" "अजून ठरायचंय, नुसता रेट विचारतोय." "जेवणात जिलबी ठेवा, गुलाबजामाला आता कोन विचारतंय!" कोणी कोणाच्या साडूला ओळखत होता, कोणाची शिफ्ट कोणाच्या पुतण्याबरोबर होती. आणि 'सावधान' आले की सारे एकमुखाने 'सावधान' म्हणून पुन्हा जिलबीकडे वळत. मी हे सोपानरावांना सांगितले तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "मंग बिघडलंय कुठं? मानसं जमत्यात ते बरंच हाय की. हितं फ्लॅटात शेजारचा शेजारच्याला वळखत न्हाई."

त्या अदृश्य मांडवातच मला ज्योतीरामभाऊ भेटले. मूळचे औशाकडचे, हयात पिंपरीच्या कारखान्यात लेथवर गेली, आता निवृत्त, ताथवड्याला दोन खोल्यांची सदनिका. कन्या विजयश्री हिच्या विवाहासाठी कार्यालय राखून ठेवावे म्हणून ते फोनवर तिष्ठत होते. कोणी विचारले, नवरदेव काय करतो? भाऊ म्हणाले, "नवरदेव अजून बघायचाय. पण मुहूर्ताला हॉल मिळत नाहीत हो, आधी हॉल धरून ठेवतो." यावर कोणीही हसले नाही, उलट चारपाच जणांनी हा विचार किती दूरदर्शी आहे याची ग्वाही दिली आणि लगोलग पुतणे, भाचे, मेव्हणे सुचवण्यास प्रारंभ केला. भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "शेती नको, गाडी नको, बंगला नको बगा. हे लेकरू मागं अष्टका म्हणतंय ना, असं मोकळं, स्वच्छ बोलणारा पोरगा पाहिजे. आमच्या घरात सगळं बोलून होतंय."

दादासाहेब, त्या क्षणी माझी अवस्था कशी झाली असेल याची आपण कल्पना करावी. मी या प्रकरणात प्रथमपासून तटस्थ होतो. परंतु तटस्थ माणसाच्याही तोंडून शब्द निसटतात. मी म्हणालो, "तो आमचा भाचा आहे."  मग सारा मांडव एकदम बोलू लागला आणि चिखलीच्या त्या गृहस्थांनी, ओळख ना पाळख, सर्वांच्या वतीने माझे अभिनंदन केले.

पुढच्या गुरुवारी आम्ही ताथवड्याला गेलो. त्या भेटीचे वर्णन करावयास माझी लेखणी धजत नाही, म्हणून थोडक्यात करतो. पोहे आले. गणराजने ते खाल्ले. ज्योतीरामभाऊ त्याच्या मुखाकडे, तळ्यात गळ टाकून बसलेल्या माणसाच्या श्रद्धेने, पाहत राहिले. मुखातून केवळ शेंगदाण्याचा आवाज आला. नोकरीविषयी विचारले, तर याने मान हलवली. गाण्याविषयी विचारले, तर याने उलट दिशेने मान हलवली. भाऊ मला हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेले. "मामा, राग मानू नका. पण हाच का तो? का आवाज दुसऱ्याचा आणि पोरगा दुसरा?" मी पूर्वजांच्या शपथा घेतल्या (आपल्याही पूर्वजांच्या घेतल्या, क्षमस्व). सर्व संपले असे मानून मी जिना उतरू लागलो, तोच मागून विजयश्री आली. भोसरीच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासून पास-नापास करण्याचे तिचे काम आहे, आणि एका दृष्टिक्षेपात कोणाला नापास करणे तिला आवडत नाही असे दिसते. म्हणाली, "मामा, फोनवर हेच बोलतात ना?" म्हटले, "हाच." "मग बोलू दे की फोनवरच. घाई कुणाला आहे?"

(घाई मला होती. ती मी गिळली.)

प्रत्यक्ष बोलण्याचा एक प्रयोग झाला. गणराजने तिला फोन लावला. पलीकडे जिवंत श्वास ऐकू येताच 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. तेव्हा पुनमबाईंनी तोडगा काढला. कार्यालयाच्या यंत्रावर नऊ हा अंक 'इतर प्रयोजनार्थ' राखीव होता. तो कोणी दाबत नाही असे त्यांचे व्यवस्थापनशास्त्र सांगत होते. गणराजने बंद खोलीत बसून स्वतःविषयी बोलावे आणि ते नऊवर ठेवावे. विजयश्रीने ऐकावे आणि शेवटच्या 'टूं'नंतर आपला प्रश्न नोंदवून ठेवावा. गणराजने रात्रीतून नऊवरच्या मजकुरात त्याचे उत्तर भरावे. त्याने तसे केले. त्याच सुमारास प्रतीक्षार्थींचे एकत्र दालन मोडून प्रत्येकाला स्वतंत्रही केले. (याचा जनतेला खेद झाला. 'आज कुनीच न्हाई का?' असे लोक कितीतरी दिवस विचारत होते.)

पुनमबाईंच्या शास्त्रात एक न्यून होते. आपल्या भागात प्रत्येक मनुष्य स्वतःचे प्रकरण इतरांहून निराळे समजतो, त्यामुळे नऊ हा अंक सर्वाधिक दाबला जातो. मांडववाले, घोडेवाले, भटजी, वीजमंडळाचे वसुली अधिकारी, या सर्वांनी आपल्या चिरंजीवांचे आत्मनिवेदन आद्योपांत ऐकले. "नमस्कार. मी गणराज. मला गर्दीत बोलता येत नाही, पण मला बोलायचं असतं," येथून ते सुरू होई. भोसरीच्या एका केटररने 'टूं'नंतर असा अभिप्राय नोंदवला : "पोरगा गुणाचा वाटतोय, पण मला आचाऱ्याबद्दल विचारायचं होतं." घोडेवाल्याने लग्न ठरल्यास घोडा आपल्याकडूनच घ्यावा, असे सुचवले. एका अनोळखी बाईंनी तर "भावा, तिला आधी तिच्या कामाबद्दल विचार, सगळे आपलंच सांगत बसतात," असा परखड सल्ला दिला, आणि गणराजने तो ऐकला. आणि या साऱ्या कोलाहलात, प्रतिदिनी, कंपनीच्या बसमधून घरी जाताना (गुरुवारी तिलाही सुट्टी, म्हणून सकाळी घरून), विजयश्रीचा एक प्रश्न. भाजी चिरता येते का. राग आला तर काय करता. आईवडिलांना इकडे आणायचं मनात आहे का. यंत्रांची नावं ठेवली आहेत का. (ठेवली आहेत. एका यंत्रबाहूचे नाव 'दादासाहेब' आहे. तो शक्तीने थोर आहे पण चटकन तापतो, असे उत्तर गेले. याबद्दल मी त्याला पुष्कळ बोललो आहे. आपण पुन्हा बोलू नये.) मी पुढचे ऐकणे बंद केले. काही गोष्टी व्यवस्थापकानेही ऐकू नयेत.

मात्र ज्योतीरामभाऊंचा धीर सुटत चालला होता. मुलगी यंत्राशी लग्न करणार का, असे त्यांना भावकीत कोणी विचारले होते. त्यांनी मला स्पष्ट सांगितले, "मामा, लेकरू चांगलंय, मला पटतंय. पण जन्मभर 'टूं' वाजायची वाट बगत बसायचं का आमच्या पोरीनं? एकदा तरी तोंडानं बोलू द्या. नाहीतर हॉल सोडतो मी." तो काळ मला फार जड गेला. इकडे आपली माजलगावची धमकी, तिकडे भाऊंची हॉल सोडण्याची. आणि मधे हा, रोज पहाटे आरशासमोर 'नमस्कार' म्हणायचा आणि आरशाला लाजून दाढी करायचा.

काल गुरुवार. आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे आपण जाणता. काल ती सकाळीच गेली. सोपानरावांचा जनरेटर लग्नाखेरीज लावायचा नाही, असा त्यांच्या मातोश्रींच्या काळापासून दंडक आहे. यंत्र मृत झाले. यंत्र मृत झाले की फोन जुन्या डबड्यावर वाजतो, हे आम्ही सारे विसरलो होतो. गणराज सुट्टी म्हणून आला होता आणि अंधाऱ्या खोलीत तारा तपासत होता. डबडे वाजले. गोजाबाईंनी पूर्वसंस्कारांनुसार उचलले. "कोन बोलतंय? लगीन हाय का बारसं?" मग पलीकडून विजयश्रीचे नाव ऐकले, मग खोलीच्या दाराकडे पाहिले, मग रिसीव्हर लांब वायरीसकट नेऊन त्याच्या हातात कोंबला. "घे. तुजंच हाय. आन् राँग नंबर म्हनलास तर केरसुनी हाय माज्याकडं."

मी दाराबाहेर होतो. सोपानराव माझ्यामागे होते. पुनमबाई सोपानरावांच्या मागे होत्या, आणि मामंजींना धक्का लागू नये अशा बेताने वाकून ऐकत होत्या.  मी मनातल्या मनात माजलगावच्या बसचे वेळापत्रक आठवू लागलो. मग तो आवाज आला. दार उघडे होते, आम्ही त्याला दिसत होतो, गोजाबाई तर समोर कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि तरी आला.

"लाइट नाहीये," गणराज म्हणाला. "म्हणून मीच बोलतोय."

पलीकडे ती हसली असावी, कारण हाही हसला. मग तो खाली फरशीवर बसला. मग तिच्या कारखान्यात कोणता भाग वारंवार नापास होतो हे त्याने विचारले आणि तिने ते सांगितले, आणि ते बराच काळ चालले. सोपानराव कुजबुजले, "मामा, मी जनरेटर लावू का? कार्य हाय म्हनायला हरकत न्हाई." मी त्यांना हातानेच थोपवले. दुपारी वीज आली, यंत्राने डोळे उघडले, दिवे लुकलुकले. गणराजने हात लांबवून त्याचे बटण बंद केले आणि बोलणे पुढे चालू ठेवले.

असे हे वृत्त आहे. विजयश्रीने होकार सांगितला आहे, गणराजने तो स्वमुखाने मला कळवला आहे, आणि माझी भूमिका प्रथमपासून अखेरपर्यंत तटस्थ राहिलेली आहे. सौ. ताईस सप्रेम नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जावे, परंतु ते लावताना मला दूषणे देत जाऊ नये. तेल मुरत नाही.

आपला आज्ञाधारक,
निरंजन

ता. क. : ताईने मागितलेली लोणच्याची बरणी गणराजच्या खोलीत सापडली. तिच्यात स्क्रू आहेत. दुसरी पाठवतो.

ता. क. : मागणी नाही असे वर म्हटले आहे, ते पत्र लिहिण्यास घेतले तेव्हा खरे होते. ज्योतीरामभाऊंची एकच अट आहे. म्हणाले, "रेकॉर्डिंग लई ऐकलं. आता मुलाच्या वडिलांचं तोंडून ऐकायचं." आपण मुलाकडचे, पहिला फोन आपण करावा ही रीत नव्हे, आणि आपण आयुष्यात कोणाला पहिला फोन केलेला नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांचा क्रमांक पत्राच्या मागे लिहिला आहे. तो लावावा. आकडे दाबायचे नाहीत, 'टूं' वाजत नाही. केवळ "मी गणराजचा बाप बोलतोय" एवढे म्हणावे. पुढचे भाऊ बोलतील, त्यांच्या घरात सगळे बोलून होते.

ता. क. : आपण येत्या रविवारी सकाळी फोन करणार आहात, असे मी त्यांना परस्पर सांगून टाकले आहे. ते इस्त्रीचा सदरा घालून बसणार आहेत. पत्र टपालाने रविवारपूर्वी पोहोचणार नाही, हे ध्यानात आल्याने याची छायाचित्रे ताईच्या फोनवर आत्ताच पाठवली आहेत. ती आपणांस हे वाचून दाखवीत असेल. ताई, फोन त्यांच्या हातात दे.

ता. क. : तत्पूर्वी चिरंजीवांचे अभिनंदन करावे म्हणून त्याला फोन लावण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तो कामावर गेल्यापासून मी लावतो आहे. सारखा एंगेज लागतो.